पांढऱ्या भिंतींचं पेट्रोल स्टेशन, १:२४

जुन्या पेट्रोल स्टेशनचं मॉडेल बनवायचं म्हटलं की बहुतेकांचा हात आधी गंजाच्या रंगाकडे जातो. पोपडे आलेल्या भिंती, वाकलेला पत्रा, एका खिळ्यावर लोंबणारा बोर्ड. दिसायला छान दिसतं, आणि चुकाही त्यात खपून जातात. मी घेतलं ते टेक्साको या अमेरिकन तेल कंपनीचं पांढरंशुभ्र स्टेशन, काळ १९४८-४९ चा. यात काहीच खपत नाही. अर्धा मिलिमीटर तिरकी गेलेली खाच खोलीच्या दारातून दिसते.

हा नमुना वॉल्टर डॉर्विन टीग या डिझायनरने टेक्साकोसाठी १९३० च्या दशकाच्या मध्यापासून आखला आणि १९३७ च्या सुमारास तो रस्त्यावर आला. सपाट छताची पेटीसारखी इमारत, बाहेरून इनॅमलचे पांढरे पत्रे, वरच्या कडेने फिरणारे तीन हिरवे पट्टे, लाल तारे आणि लाल अक्षरं. एका बाजूला मोठ्या काचेचं ऑफिस, शेजारी गाड्यांसाठी दोन गाळे: एकावर ‘वॉशिंग’, दुसऱ्यावर ‘मारफॅक ल्युब्रिकेशन’. मारफॅक हे त्यांच्या ग्रीसचं नाव. १९४० पर्यंत अशी पाचशेच्या वर स्टेशनं उभी राहिली होती. आपल्याकडे कालटेक्सचे पंप आठवणाऱ्यांना तो लाल तारा ओळखीचा वाटेल. कालटेक्स ही टेक्साको आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया यांनी १९३६ मध्ये मिळून काढलेली कंपनी. तिचा इथला कारभार १९७८ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये मिसळला.

१:२४, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाचं माप, घेण्याचं कारण सरळ आहे. त्या काळातल्या अमेरिकन गाड्यांची डायकास्ट (ओतीव धातूची) मॉडेलं या मापात भरपूर मिळतात आणि हिशेब तोंडी होतो: एक फूट म्हणजे १२.७ मि.मी., एक इंच म्हणजे जेमतेम १ मि.मी.च्या वर. १:४३ मध्ये जागा वाचते, पण पंपावरची पाटी ७ × १०.६ मि.मी. होते आणि त्यावरचं अग्निशामकाचं हेल्मेट म्हणजे नुसता लाल ठिपका.

मूळ नकाशे हाताशी नसतील तर मापं फोटोवरून काढावी लागतात. पंपावरच्या इनॅमल पाट्या १२ × १८ इंचांच्या असत, खांबावरचा मोठा गोल बोर्ड सहा फूट व्यासाचा. या दोन गोष्टी म्हणजे फोटोत कुणीतरी आयती ठेवलेली पट्टी. पण पंप कॅमेऱ्याच्या जवळ असतो आणि भिंत मागे. पंपाच्या पाटीने भिंत मोजली तर भिंत बुटकी निघते. पंपाची पाटी पंपालाच लावायची; भिंतीसाठी भिंतीतलंच दार धरायचं. मी ऑफिसचं दार तीन फूट रुंद आणि ६ फूट ८ इंच उंच धरलं, म्हणजे ३८.१ × ८४.७ मि.मी. गाळ्याचं दार १० × १० फूट, म्हणजे १२७ मि.मी.चा चौकोन. त्यावरून इमारत ४४ × २६ फूट आणि भिंत १४ फूट अशी बसली: ५५९ × ३३० आणि उंची १७८ मि.मी. पाया १२ मि.मी. प्लायचा, ९०० × ६०० चा, खाली ३८ मि.मी. उंचीची लाकडी चौकट. चौकट सोडू नका. नुसता प्लाय पहिल्याच पावसाळ्यात केळीच्या पानासारखा वळतो आणि इमारतीखाली फट पडते.

भिंतींना मी ५ मि.मी. सनबोर्डचा (हलक्या फोमच्या बोर्डाचा) गाभा आणि दोन्ही अंगांना १ मि.मी. पॉलिस्टायरीनची शीट वापरली. नुसत्या सनबोर्डवर चकचकीत रंग मारला की त्याचं बारीक संत्र्याच्या सालीसारखं अंग वर येतं. नुसती शीट घेतली तर साडेपाचशे मि.मी. लांबीत पोट काढते. आतल्या बाजूला शीट कशाला वाया घालवा, असं पहिल्या भिंतीला वाटलं होतं. चार दिवसांत ती भिंत मध्ये ३ मि.मी. बाहेर आली. प्लायमध्ये थर नेहमी विषम का असतात, त्याचं हेच कारण: दोन्ही बाजूंचा ताण सारखा हवा.

चिकटवताना पांढरा लाकडाचा गोंद चालत नाही. त्याला सुकायला पाणी बाहेर जावं लागतं, आणि इथे दोन्ही बाजूंना प्लास्टिक. कडा चिकटल्यासारख्या वाटतात, आठवड्याने उघडून पाहिलं तर आत दूध. रबरी सोल्यूशन घ्या, दोन्ही अंगांना पातळ फासा आणि बोटाला नुसतं चिकचिकीत लागेपर्यंत, १५ ते २० मिनिटं, उघडं सोडा. ओलं असतानाच दाबलं तर आत अडकलेलं सॉल्व्हंट शीट मऊ करतं आणि रंग मारल्यावर फोड दिसतात. आणि हे सोल्यूशन एकदा टेकलं की सरकत नाही. गुण्याला एक कड टेकवूनच शीट खाली आणायची.

आता खाचा. पत्रे मी दोन फूट रुंद धरले, म्हणजे २५.४ मि.मी. दर्शनी भिंतीवर त्यांच्या सांध्यांची जाळी कोरावी लागते. साध्या कटरने कापलं तर दोन्ही कडांना वरंबा उठतो. त्यासाठी अ‍ॅक्रिलिक कापायचा आकडीसारखा पी-कटर घ्यावा, तो प्लास्टिकची बारीक साल काढतो. पोलादी पट्टी, खाली दुहेरी टेप, आणि तीन हलके हात. पहिला हात इतका हलका की फक्त रेघ उमटावी. पहिल्याच फेरीत जोर दिला की पातं पट्टी सोडून स्वतःच्या वाटेने जातं आणि ती चूक लांबी (पुट्टी) भरूनही पुरती जात नाही, कारण पुट्टी आणि प्लास्टिक यांचा कडकपणा वेगळा. पुढची खाच तिथे तुटकी येते. खोली ०.३ मि.मी. पुरे. आडव्या रेघा आधी, उभ्या नंतर, आणि उभी रेघ चौकातून जाताना हात अजून हलका. झाल्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर, लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटाने घासलं तर खाचेच्या कडा गोल होतात आणि पत्रा उशीसारखा दिसतो.

पंपांवरच्या छपराचे कोपरे गोल आहेत. ०.५ मि.मी. शीटच्या पट्ट्या ३० मि.मी. व्यासाच्या पाइपावर रबरबँडने बांधून उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं आणि लगेच गार पाण्यात. एक जाड पट्टी वळवण्यापेक्षा दोन पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवल्या तर आकार धरतो. जाड पट्टी महिनाभरात हळूच सरळ व्हायला बघते.

रंगाचं मात्र बैजवार सांगतो, कारण मॉडेल इथेच बनतं किंवा बसतं. इनॅमल म्हणजे पत्र्यावर भट्टीत वितळवलेली काच. म्हणून चकाकी हवी, पण दाट रंगाची नको. गाडीचा डुको थेट पॉलिस्टायरीनवर मारला तर थिनर प्लास्टिक खातं आणि पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात. आधी प्लास्टिक चालणारा करडा प्रायमर, दोन धुक्यासारखे हात, मध्ये अर्धा तास. मग पांढरा, चार पातळ हात. प्रत्येक हातानंतर रंग कितपत झाकतोय ते काळजीपूर्वक बघा: दुसऱ्या हातापर्यंत करडा दिसायलाच हवा. एका हातात झाकायचा हट्ट केला की ०.३ मि.मी.ची खाच बुजली. तिसऱ्या हातानंतर मी पी-कटर उलटा धरून त्याच्या पाठीने खाचा एकदा साफ करतो.

डब्यातला शुभ्र पांढरा जसाच्या तसा मारू नका. घरातल्या दिव्याखाली तो निळसर दिसतो आणि मॉडेल प्लास्टिकचं वाटतं. १०० मि.ली. पांढऱ्यात चार थेंब पिवळी माती आणि एक थेंब काळा. डब्यात फरक कळतही नाही, भिंतीवर कळतो.

आणि जून ते सप्टेंबर हे काम करूच नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते आणि रंग मळकट, पांढुरका, निस्तेज होतो. पांढऱ्यावर ते फक्त मेलेल्या चकाकीतून कळतं, हिरव्यावर भस्म लावल्यासारखं दिसतं. नाइलाज असेल तर सावकाश उडणारं रिटार्डर थिनर एक दशांश मिसळा आणि दुपारी, ऊन पडलं असताना, मारा.

तीन हिरव्या पट्ट्यांची खरी अडचण रंगाची नाही, उंचीची आहे. ते चारही भिंतींवरून आणि गोल कोपऱ्यांवरून फिरून पुन्हा स्वतःलाच भेटतात. प्रत्येक भिंतीवर पट्टीने वेगळं मोजलं तर शेवटच्या कोपऱ्यात एक मि.मी.ची पायरी हमखास. त्याऐवजी जाड काच टेबलावर ठेवली, लाकडी ठोकळ्याला ठरलेल्या उंचीवर पेन्सिल आडवी बांधली, आणि जोडलेली इमारत काचेवर ठेवून ठोकळा सभोवती फिरवला. पट्टे ४ मि.मी., मध्ये ४ मि.मी. मोकळे. गाडीच्या रंगकामातला बारीक प्लास्टिकचा टेप गोल कोपऱ्यावर वळतो, कागदी टेप वळत नाही. टेप लावल्यावर कडेवरून आधी पांढराच एकदा फवारायचा. टेपखाली झिरपायचं ते पांढरं झिरपतं आणि फट बंद होते, मग हिरवा. टेप तासाभरात, कडेवर मागे दुमडून काढायचा. रात्रभर ठेवला तर रंग कडक होऊन कडेचे तुकडे टेपबरोबर येतात.

अक्षरांसाठी दोन वाटा. भिंतीवरचं मोठं ‘टेक्साको’ मी १ मि.मी. लाल अ‍ॅक्रिलिकमधून लेझरने कापून घेतलं. अक्षर १० मि.मी.पेक्षा लहान नसेल तर ते ठीक येतं. ‘मारफॅक ल्युब्रिकेशन’ची अक्षरं ६ मि.मी.ची, त्यांची काडी एक मि.मी.च्या खाली जाते आणि लेझरची उष्णता तीच वितळवते. ती प्लॉटरवर कापलेल्या लाल व्हिनाइलची केली. अक्षरं एकेक करून डोळ्याने लावू नका. तोच मजकूर त्याच मापात कागदावर छापायचा, अक्षरांच्या जागा कापून काढायच्या, कागद टेपने भिंतीवर, आणि त्या खिडक्यांतून अक्षर आत सोडायचं.

काचा २ मि.मी. नव्हे, १ मि.मी. अ‍ॅक्रिलिकच्या. इन्स्टंट ग्लूने चिकटवल्या तर त्याची वाफ काचेवर पांढरं धुकं धरते आणि ते पुसून जात नाही. इथे मात्र पांढरा गोंदच बरा, सुकल्यावर पारदर्शक होतो.

पंप. त्या वेळी टेक्साकोच्या पेट्रोलच्या दोन प्रकारांचे दोन असायचेच: लाल तो ‘फायर चीफ’, रुपेरी तो ‘स्काय चीफ’. स्काय चीफ १९३८ मध्ये आलं, म्हणजे १९३५ सालचं स्टेशन दाखवून त्यात रुपेरी पंप उभा केला तर जाणकार लगेच बोट ठेवणार. तसंच षटकोनी चिन्ह १९६० च्या दशकातलं. ते इथे नको. चार पंप लागणार होते, म्हणून एकच अ‍ॅक्रिलिकचा नमुना ३० × २० × ६४ मि.मी.चा बनवला आणि सिलिकॉनच्या साच्यातून चार प्रती काढल्या. साच्याला साधारण पाव किलो सिलिकॉन आणि ३ टक्के हार्डनर. हार्डनर वजनाने मोजा. अंदाजे जास्त पडला तर साचा दहा मिनिटांत घट्ट होतो आणि बुडबुडे आतच राहतात. पॉलियुरेथेन रेझिन दमट हवेत फसफसतं, प्रत अनारशासारखी जाळीदार निघते. इपॉक्सी चिवट असतं आणि अख्खा दिवस घेतं, पण दगा देत नाही.

पंपाच्या डोक्यावरचा काचेचा गोल दिवा हे पंपाचं मुख. त्याच्या काचा साडेतेरा इंच व्यासाच्या, म्हणजे या मापात १४.३ मि.मी. दागिने बनवणाऱ्यांकडे खालून सपाट, वरून फुगीर अशा पारदर्शक काचेच्या टिकल्या मिळतात, कॅबोशन नावाने, आणि त्यांतलं एक माप नेमकं १४ मि.मी. असतं. तारा छापून टिकलीखाली चिकटवायचा, अशा दोन टिकल्या ४ मि.मी.च्या पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक चकतीच्या दोन्ही बाजूंना. चकतीला खालून ३ मि.मी. एलईडी. पांढरं अ‍ॅक्रिलिक उजेड पसरवतं आणि दिवा दुधी दिसतो.

पंपावरच्या १२.७ × १९ मि.मी. पाट्या घरच्या प्रिंटरवर जमत नाहीत. फोटो स्टुडिओत चार बाय सहाचा प्रिंट काढून घ्यावा, एकात तीस-चाळीस पाट्या बसतात. कापल्यावर कडा पांढरी दिसते, ती लाल मार्करने पुसून घ्यायची. फोटोच्या कागदाची जाडीही इथे उपयोगी: पाटी खरोखर वेगळी बसवल्यासारखी दिसते. पंपाच्या आकड्यांच्या खिडकीत गॅलनचा भाव २६-२७ सेंटच्या आसपास.

नळी नेहमी फसते. काळी वायर लावली की ती हवेत कमान करून उभी राहते, खऱ्या रबरी नळीसारखी वजनाने झुकत नाही. १ मि.मी. जाडीची सोल्डरची तार घेऊन त्यावर दीड मि.मी.ची काळी हीट-श्रिंक नळी चढवली. गरम केल्यावर ती तारेवर घट्ट बसते, सोल्डर मऊ असल्याने हवा तसा झोल देता येतो आणि दिलेला झोल राहतो. गरम करताना मेणबत्ती नको, हेअर ड्रायर किंवा हीट गन लांबून. सोल्डरच वितळला तर सगळं गेलं.

दिव्यांचं थोडक्यात. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, पिवळसर पांढरे एलईडी तीन-तीनच्या माळेत, प्रत्येक माळेला २२० ओहमचा रेझिस्टर. भिंती आतून आधी काळ्या रंगवा आणि मग पांढऱ्या; नाहीतर दिवे लावल्यावर अख्खी इमारत कंदिलासारखी उजळते आणि सांध्यासांध्यातून उजेड गळतो. इमारतीचं छप्पर चिकटवू नका, नुसतं बसवा.

पुढचं अंगण काँक्रीटचं. मी टाइल्समध्ये भरायचं करडं ग्राउट ३ मि.मी. थरात ओतलं. प्लाय कोरडा असेल तर तो पाणी ओढून घेतो आणि थराला भेगा जातात. पातळ केलेल्या गोंदाचे दोन हात आधी देऊन सुकवा. वीस-पंचवीस मिनिटांनी, नखाचा ठसा उमटेल पण लगदा चिकटणार नाही अशा वेळी, १६० मि.मी.वर सांधे कोरले. पंपांचा ओटा सहा इंच, म्हणजे ६ मि.मी.च्या जरा वर.

आता डाग, आणि इथे जवळजवळ प्रत्येक मॉडेल चुकतं. काळं ऑइल सगळे पंपाच्या पायाशी ओततात. गाडी पंपाशी उभी राहते तेव्हा टाकीचं तोंड मागच्या चाकाजवळ, आणि गळतं ते इंजिन पुढे. म्हणजे तेलाचा डाग पंपापासून आठ-नऊ फूट पुढे, दोन चाकांच्या मध्ये; मॉडेलमध्ये १०० ते ११५ मि.मी. गाड्या दोन्ही दिशांनी येतात, म्हणून तसाच डाग पलीकडेही. पंपाच्या पायाशी पेट्रोल सांडतं आणि ते उडून जातं; तिथे काँक्रीट काळं होत नाही, उलट धुतल्यासारखं थोडं फिकं होतं. डाग एका रात्रीत मारायचा नाही. पातळ तपकिरी-काळा ऑइल कलर, एक ठिपका, सुकू द्या, त्याच्या आत लहान आणि गडद ठिपका, असे चार-पाच वेळा. वर्षानुवर्षं टपकलेलं असं दिसतं.

भिंतींवर मात्र जवळजवळ काही नाही. काच सोलत नाही, फुगत नाही, तिचे पोपडे निघत नाहीत. घरातला जुना इनॅमलचा टोप किंवा मग काढून बघा. जिथे आपटलाय तिथे टवका उडालेला, मध्ये काळानिळा ठिपका, त्याच्या मध्यभागी गंज आणि भोवती केसाएवढ्या तडा. तो काळानिळा म्हणजे पांढऱ्याखालचा इनॅमलचा पहिला थर. हेच भिंतीवर करायचं: पत्र्याच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या जागी आणि गाळ्याच्या दाराशेजारी गुडघ्याच्या उंचीवर, जिथे बंपर किंवा जॅक लागतो. टवका एक मि.मी.च्या आत. आधी निळसर काळा, मग मध्ये सुईच्या टोकाने तांबूस, आणि खाली पावसाने ओढलेली एकच फिकट रेघ. पूर्ण दर्शनी भिंतीवर मी अकरा टवके काढले आणि नंतर त्यातले चार बुजवले. खाचांमध्ये करडा पातळ वॉश (खाचेत उतरणारा पाण्यासारखा रंग), काळा नाही. काळ्याने भिंत वहीच्या चौकटीच्या पानासारखी दिसते. वॉश एनॅमल रंगाच्या थिनरमध्ये असेल तर उघड्या प्लास्टिकच्या कडेला लागू देऊ नका, ताण असलेल्या सांध्यात ते शिरलं की तडा जातो.

सगळं झाल्यावर अ‍ॅक्रिलिकची पेटी, पण लगेच नको. ताज्या डुकोची वाफ बंद पेटीत अडकली तर पेटीला आतून तेलकट धुरकट थर येतो आणि खिडक्यांनाही. निदान तीन आठवडे पातळ सुती कापडाखाली ठेवा, नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास पूर्ण गेलाय याची खात्री करा, आणि पेटीच्या मागच्या कडेला खाली ५ मि.मी.ची दोन भोकं ठेवा, आतून बारीक जाळी लावून. अ‍ॅडॉप्टरची वायरही त्यातल्याच एकातून बाहेर काढता येते.